माईंची बारावी वारी

बदलापूरहून भीमाशंकर नकाशावर बघितलं तर अगदी उशाशी आहे. कर्जत गाडीत बसलं की वांगणी, शेलू आणि तिसरं नेरळ. तिथून कशेळेमार्गे खांडस गाव, आणि खांडसच्या डोक्यावरच भीमाशंकरचा डोंगर. पण हे चालणाऱ्यांचं गणित झालं. गाडीने जाणाऱ्याला सगळा सह्याद्री वळसा घालून पलीकडून चढावं लागतं. मुरबाड, माळशेज घाट, ओतूर, जुन्नर, घोडेगाव आणि मग शेवटचा जंगलातला रस्ता. जवळपास दोनशे किलोमीटर. पाय असतील त्याला देव जवळ, चाकं असतील त्याला लांब.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या माईंच्या मिस्टरांना पाय होते. तरुणपणी ते दर महाशिवरात्रीला मित्रांबरोबर नेरळला उतरून खांडसहून चढायचे. तिथून वर जायच्या दोन वाटा. शिडी घाट उभा, त्यात लोखंडी शिड्या. गणेश घाट लांबचा, पण सोसेल असा. हे गणेश घाटाने जायचे. मोठ्या मुलाच्या आजारपणात त्यांनी बारा वाऱ्या बोलल्या होत्या. अकरा झाल्या, मग गुडघे गेले, मग तेही गेले. बाराव्या वारीचं माईंच्या मनात राहून गेलं. "कर्ज ठेवून गेले बघ," असं म्हणायच्या. त्यांचं वय तेव्हा शहात्तर, हृदयात दोन स्टेंट, आणि ज्याच्यासाठी नवस बोलला तो मुलगा बंगळुरूला. त्याने फोनवर साफ सांगितलं होतं, आई, व्हिडिओवर दर्शन घे.

मी घेऊन जाते म्हटल्यावर आमच्या घरात थोडी चुळबुळ झाली. नणंदबाईंनी विचारलं, "आपलं तिथे काय काम? आणि हात जोडणार का तू?" प्रश्न रास्त होता. आमच्याकडे देव म्हणजे वीतराग. न प्रसन्न होणारा, न कोपणारा. नवस बोलणं आणि फेडणं आम्ही मिथ्यात्वात धरतो. पण मी माझ्यासाठी जात नव्हते.

26 जुलै 2005 ला उल्हास नदी बदलापुरात शिरली तेव्हा आमचं घर तळमजल्यावर होतं. पाणी ओट्यापर्यंत आलं. मी, हे, दोन मुलं आणि सासूबाई अंगावरच्या कपड्यांनी माईंकडे वर गेलो आणि तीन दिवस तिथेच राहिलो. सासूबाई चौविहार करायच्या, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही. त्या तीन दिवसांत आभाळात सूर्य कुठे होता? वीज नाही, भिंतीवरचं घड्याळ बंद. माई दुपारी चारलाच अंदाजाने चूल पेटवल्यासारखा स्टोव्ह पेटवायच्या, कांदा-लसूण-बटाट्याची टोपली त्यांनी न सांगता गॅलरीत नेऊन ठेवली होती, आणि सासूबाईंचं पाणी वेगळ्या पातेल्यात उकळून गाळून ठेवायच्या. त्यांच्या देव्हाऱ्यात शंकराची पिंडी होती. आमच्या सासूबाई तिच्यासमोरच बसून सामायिक करायच्या. कोणी कोणाला विचारलं नाही की आपलं इथे काय काम.

नणंदबाईंना मी एवढंच सांगितलं.

चातुर्मासात आम्ही प्रवास टाळतो, म्हणून कार्तिकी पौर्णिमा उलटू दिली. 2019 च्या डिसेंबरमधला पहिला सोमवार ठरला. सोमवार नको, गर्दी असते, असं मी सुचवून बघितलं. माई म्हणाल्या, शंकराकडे काय शुक्रवारी जातात?

आणि सोमवार म्हणजे माईंचा उपवास. इथे माझी खरी परीक्षा सुरू झाली. उपवासाला त्यांना चालतं ते बटाटा, रताळं, साबुदाणा. यातलं काहीच आमच्या घरात येत नाही. बटाटा-रताळं जमिनीखालचं आणि साबुदाणाही शेवटी कंदाचाच. मला चालतं ते खाखरा, थेपला, मुगाची डाळ. ते धान्य म्हणून त्यांना उपवासाला नाही. म्हणजे माझं रोजचं त्यांच्या उपवासाला चालत नाही आणि त्यांच्या उपवासाचं मला एरवीही चालत नाही. दोघींना चालेल ते काय, हे मी कागदावर लिहून काढलं. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू, केळी, दूध, जिरं, आमसूल, सैंधव. शेंगदाणा जमिनीत वाढतो तरी तो कंद नाही, हे मला दर वेळी कोणाला तरी समजावून सांगावं लागतं. आमटीचं वाटण बघून या वेळी ड्रायव्हरला सांगावं लागलं. आल्याऐवजी सुंठ घातली. दोघींचा एकच डबा झाला आणि मला फार बरं वाटलं. (दाण्याच्या आमटीला सुंठ चिमूटभरच घाला, जास्त झाली तर काढ्याची चव येते.)

पहाटे चारला निघालो. माळशेजला उजाडलं. माझी नवकारसी, म्हणजे सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटं, पावणेआठच्या सुमारास होत होती. तोवर माईंनीही चहा घेतला नाही. घोडेगावच्या पुढे डिंभे धरणाचं पाणी दिसायला लागलं आणि मग जंगल. हे अभयारण्य शेकरूसाठी राखलेलं आहे. शेकरू म्हणजे मोठी तांबूस खार, आपल्या राज्याचा प्राणी. ती काही आम्हाला दिसली नाही, झाडांच्या शेंड्यांवर काटक्यांची घरटी मात्र दिसली.

डोंगरावरच्या देवाची मला सवय आहे. शत्रुंजय, गिरनार, सम्मेद शिखर, तिन्ही केलेत. आमच्याकडे आधी चढण, मग दर्शन, मग सुटका. भीमाशंकरला उलटं आहे. गाडी वर थांबते आणि देव खाली. सव्वादोनशेच्या वर पायऱ्या उतरायच्या, आणि दर्शन घेऊन थकलेल्या पायांनी तेवढ्याच चढायच्या. पायऱ्यांच्या तोंडाशीच डोलीवाले उभे होते. मी माईंना बस म्हणून बघितलं. "ते पायी जायचे आणि मी लोकांच्या खांद्यावरून जाऊ? मग ही वारी धरतील का?" त्या काठी टेकत उतरायला लागल्या. गिरनारला मी सासूबाईंसाठी डोली केली होती, तिथे माणसाचं वजन करून भाव ठरतो. वजनकाट्यावर बसलेल्या सासूबाईंचा चेहरा अजून आठवतो.

उतरताना दोन्ही बाजूंना दुकानं. बेल, फुलं, पेढे, आणि जमिनीवर पोतं टाकून बसलेल्या महादेव कोळी बायका. त्यांच्याकडे मध होता, तो मी घेत नाही. हिरडा मात्र घेतला. या डोंगरातल्या लोकांचं बरंचसं वर्ष हिरड्यावर निघतं. कोवळा बाळहिरडा उन्हाळ्यात गोळा करून वाळवायचा आणि विकायचा. माझी आई प्रत्येक डब्यात एक हिरडा टाकून ठेवायची, का ते मी कधी विचारलं नाही.

देऊळ दगडी, नागर पद्धतीचं, शिखर नाना फडणवीसांच्या काळातलं. समोर एक मोठी घंटा टांगलेली आहे आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा उतरवून आणल्या आणि देवळांना दिल्या, त्यातली ही. रांगेतले एक गृहस्थ मुलाला हे अभिमानाने सांगत होते. मला मात्र वसईतली ती रिकामी जागा डोळ्यांसमोर आली, जिथून ही उतरवली असेल. माईंनी घंटेवरच्या मेरीला बघितलं आणि म्हणाल्या, "लेकुरवाळी आहे गं," आणि हात जोडले.

दीड तास रांग. गाभाऱ्यात पिंडी अगदी बुटकी. माझा हात जोडायचा प्रश्न तिथे आला. आमचे आचार्य हेमचंद्र बाराव्या शतकात राजा कुमारपाळाबरोबर सोमनाथला गेले होते अशी कथा आहे. तिथे त्यांनी जी स्तुती केली तिचा भाव असा की ज्याचे राग-द्वेष संपले त्याला माझा नमस्कार, मग नाव काहीही असो. तो आधार मोठा आहे. पण "सगळे देव एकच" असं मी म्हणणार नाही. लोक फार घाईने म्हणतात ते. एकच असते तर माई आणि मी दोघींनी एकच केलं असतं. मी हात जोडून मनात नवकार म्हटला. त्यात कोणाचंही नाव नाही, फक्त अवस्थांना वंदन आहे.

माईंनी काय केलं? त्या पिंडीशी बोलल्या. मोठ्याने, घरातल्या माणसाशी बोलावं तशा. "आले बाबा. त्यांची राहिली होती ती घेऊन आले. आता तुझं-आमचं काही राहिलं नाही. आणि एवढ्या लवकर न्यायचं नव्हतंस त्यांना." पुजारी पुढे चला, पुढे चला म्हणत होते, तेही गप्प झाले. मला त्या क्षणी हेवा वाटला हे लिहून ठेवते. आमचा भगवान ऐकतो की नाही हा प्रश्नच आम्ही ठेवलेला नाही. सासूबाई गेल्या तेव्हा मी देरासरात तासभर बसले, मन शांत झालं, पण भांडायला समोर कोणी नव्हतं.

बाहेर आल्यावर माईंनी माझ्या हातावर खडीसाखर ठेवली. देवापुढे ठेवलेलं आम्ही परत घेत नाही, आमच्या देरासरात प्रसाद ही गोष्टच नाही. मी ती रुमालात बांधली. माईंनी बघितलं. "नको खाऊस," त्या म्हणाल्या, "घरी गेल्यावर कुटून मुंग्यांना घाल. तुमच्यात घालतात ना?" घालतात.

मग चढ. पहिल्या पन्नास पायऱ्या दहा-दहाच्या हिशेबाने गेल्या. शंभराच्या आसपास माई थांबल्या त्या बोलेनात. कपाळावर गार घाम. मी त्यांना एका दुकानाच्या फळीवर बसवलं, पर्समधली जिभेखालची गोळी दिली. त्यांच्या मुलाचा नंबर फोनवर काढून ठेवला, पण दाबला नाही. पाच मिनिटं मी आयुष्यात एवढी लांब बघितली नव्हती. रंग परत आला तशी मी डोलीवाल्यांना हाक मारली. माई मान हलवायला लागल्या. नाही म्हणजे नाही. बारावी मोडेल.

मी विचारलं, "माई, तुमचे मिस्टर जायचे पायी. परत यायचे कसे?"

त्या विचार करून म्हणाल्या, "यष्टीने. मंचर, मग पुणं, मग रेल्वे. उतरताना गुडघे धरायचे ना."

"अकराही वेळा?"

"अकराही."

"म्हणजे वारी देवापर्यंतची धरली होती. माल पोचला, पावती झाली. रिकामं वाहन परत कसं येतं ते कोणी मांडत नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मी बी.कॉम. आहे हे त्यांना माहीत आहे, आणि आमच्या सोसायटीचा हिशेब अकरा वर्षं मी लिहिला. त्या डोलीत बसल्या. मी मागून काठी घेऊन चालत गेले.

गाडीत त्यांना झोप लागली. पावणेसहाच्या आत मी ओतूरजवळ गाडी थांबवून उरलेली वरी खाल्ली, पाणी प्यायले. घरी पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी मुलाला आम्ही दोघींनी मिळून फोन केला. घामाचं मीच सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, काकू, पैसे किती झाले ते सांगा.

पण माई त्याचे घेऊ देईनात. दुसऱ्याच्या पैशाने केलेली यात्रा लागू होत नाही असं त्यांचं म्हणणं, आणि इथे आमचं दोघींचं एकमत. त्यांनी वही मागवली. गाडीचे निम्मे त्यांचे. पूजेचे, बेलफुलाचे त्यांचे. हिरडा माझा. डब्याचं मी लावू दिलं नाही. शेवटी डोली राहिली. मी ती त्यांच्या नावावर टाकत होते, तर त्यांनी माझा हात धरला.

"ती तुझ्याकडे लिही," म्हणाल्या. "रिकामं वाहन तू परत आणलंस."

लिहिली.