असईच्या रणभूमीवर

बेल्जममध्यें गेलेला आपला प्रवासी बांधव ब्रुसेल्सजवळच्या सोअन्यच्या अरण्यांतून हिंडतो, पुढें वॉटर्लूस जाऊन सिंहाच्या टेकडीच्या २२६ पायऱ्या चढतो आणि घरीं परतल्यावर तें वर्णन हौसेनें सांगतो. त्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु ज्या वेलिंग्टननें तेथें १८१५ सालीं नेपोलियनला हरविलें, त्यानेंच आपली सर्वोत्तम लढाई म्हणून पुढें असईचें नांव घेतलें. आणि हें असई तर आपल्या जालना जिल्ह्यांत आहे!

गेल्या आश्विनांत आम्ही मुलांसह केळणेच्या कांठाकांठानें तिकडे पायीं गेलों. वेलिंग्टन तेव्हां नुसता वेल्स्ली होता. ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं दोन्ही तीरांवर समोरासमोर गांवें पाहून, येथें उतार असलाच पाहिजे, असें त्यानें ताडलें व फौज पार नेली. त्याचे दीड हजारांवर लोक मेले वा जखमी झाले. शिंद्यांच्या ९८ तोफा गेल्या. गोलंदाज मात्र तोफा सोडून हटले नाहींत. जागच्या जागीं कापले गेले. हें शत्रूनेंही नमूद केलें आहे.

“बाबा, त्या गोलंदाजांचीं नांवें काय होतीं?” धाकटीनें विचारलें.

वेल्स्लीच्या हाताखालील अधिकाऱ्यांचीं नांवें मला पाठ होतीं. ह्यांचें एकही सांगतां येईना. मी मान खालीं घातली. पोरीनें बांधावरचीं चार रानफुलें खुडून मुकाट्यानें नदींत सोडलीं.

वाचकहो, वॉटर्लूस अवश्य जावें. पण तत्पूर्वीं एकदां मुलांचा हात धरून असईस जाऊन यावें.