मॅच बघताय ना?

कुवेतचे घड्याळ भारताच्या घड्याळापेक्षा अडीच तास मागे चालते. परदेशात राहणाऱ्या माणसाच्या डोक्यात दोन घड्याळे असतात. एकावर नोकरी, मुलांची शाळा आणि नमाजच्या वेळा चालतात. दुसऱ्यावर गाव चालते. आता अम्मी उठली असेल, आता भाईजान दुकान उघडत असेल, आता अंगणात दिवा लागला असेल. ही दोन्ही घड्याळे एकाच वेळेवर येतात असा प्रसंग आमच्या घरात एकच. भारताची मॅच असते तेव्हा.

खेड तालुक्यात जगबुडी नदीच्या काठी आमचे गाव आहे. आखाताला माणूस गेलेला नाही असे घर तिथे शोधावे लागते. आम्ही नवराबायको २००२ च्या ऑगस्टमध्ये कुवेतला आलो. सोबत दोन बॅगा, कोकमे, तांदळाचे पीठ, सुका जवळा आणि अब्बांनी दिलेली एक सूचना होती : फोन महाग आहे, कामाचे असेल तेवढेच बोला.

अब्बा मोजके बोलत. खुशाली विचारणे त्यांना जमत नसे. ते काम अम्मीचे. पण क्रिकेटवर मात्र ते तासभर बोलू शकत. त्यांना क्रिकेट रेडिओने दिले होते. बाळ पंडितांचे मराठी समालोचन ऐकत त्यांची पिढी वाढली. मैदान पाहिलेले नाही, खेळाडूचा चेहरा फक्त वर्तमानपत्रातला, पण चेंडू कुठे पडला आणि कुठे गेला ते डोळ्यांसमोर दिसे, असे ते सांगत. चिपळूणजवळच्या कालुस्त्याचे गुलाम परकार १९८२ साली इंग्लंडविरुद्ध लॉर्ड्सवर कसोटी खेळले. ती त्यांची एकच कसोटी. अब्बांना तेवढी पुरेशी होती. आपल्या खाडीकाठचा मुलगा लॉर्ड्सवर उतरला, हे ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवत.

आम्ही आलो त्याच्या पुढच्या मार्चमध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. दक्षिण आफ्रिकेत भारत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला, आणि आमच्या शेजारी इराकमध्ये युद्ध सुरू झाले. २० मार्च २००३ ला हल्ला सुरू झाला आणि त्याच दिवशी इराकची क्षेपणास्त्रे कुवेतच्या दिशेने येऊ लागली. भोंगे वाजत. रासायनिक अस्त्रांची भीती होती म्हणून लोकांनी खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या होत्या, आम्हीही केल्या. ओळखीतली काही कुटुंबे मायदेशी निघून गेली होती. आमच्याकडे तिकिटाचे पैसे नव्हते आणि नोकरी सोडली तर डोक्यावर कर्ज होते.

२३ मार्चला अंतिम सामना होता. मालकाने घरी थांबायला सांगितले होते. समोरच्या मल्याळी कुटुंबाकडे डिश होती. तिथे आम्ही सहा-सात माणसे जमिनीवर बसलो. ऑस्ट्रेलियाने २ बाद ३५९ धावा केल्या. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचे पहिलेच षटक १५ धावांचे झाले. सामना तिथेच निसटला असे नंतर सगळे म्हणाले. मध्येच कोणीतरी वाहिनी बदलून बातम्या लावी, पुन्हा सामना लावी. एका वाहिनीवर बगदाद, दुसऱ्यावर जोहान्सबर्ग.

त्या दुपारी गावाहून फोन आला. महागडा, भारतातून केलेला. अब्बांनी सलामनंतर विचारले, “मॅच बघताय ना?”

आम्ही म्हणालो, “हो अब्बा, बघतोय.”

“मग ठीक आहे,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पोरांच्या घराला छप्पर आहे, वीज आहे, ती चार माणसांत बसली आहेत आणि धावा मोजण्याइतकी शुद्धीत आहेत, एवढे सगळे त्यांना त्या एका उत्तरातून कळले होते. भारत १२५ धावांनी हरला. आम्हाला त्या दिवशी त्याचे फारसे दुःख झाले नाही.

तेव्हापासून तो आमच्या घरचा रिवाज झाला. मॅच असली की फोन, आणि फोनवर पहिला प्रश्न तोच. त्याआडून बाकीचे सगळे येई : कुणाच्या मुलीचा निकाह ठरला, आंब्याला मोहर कसा आहे, अम्मीचा गुडघा.

परदेशात राहून आपल्या देशाचा खेळ बघणे वाटते तितके सोपे नसते. सामन्याच्या प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक वेगवेगळे विकले जातात. भारतातली कंपनी भारतापुरती, आखातात दुसरी, विलायतेत तिसरी. भारतात २००७ चा कायदा आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्र खासगी वाहिन्यांना प्रसार भारतीला द्यावे लागते, म्हणून आमच्या गावात केबल नसलेल्या घरातही असे सामने दूरदर्शनवर दिसत. देशाची हद्द ओलांडली की ती सोय संपते. गावच्या मोबाइलवर जे ॲप चालते तेच इथे उघडले तर हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही, असे उत्तर येते. मैदान तेच, चेंडू तोच, पण समालोचन परके आणि जाहिराती भलत्याच. इथे येण्याआधी जाहिराती लागल्या की आम्ही उठून पाणी प्यायला जात असू. इथे आल्यावर त्याच जाहिरातींची आठवण येई. साबण, चहा, छत्री, पंखे. घर म्हणजे बरेचसे तेच असते.

२०११ चा विश्वचषक आम्ही आमच्या स्वतःच्या टीव्हीवर पाहिला. तोवर मुलगा सहा वर्षांचा आणि मुलगी दोन वर्षांची झाली होती. ३० मार्चला मोहालीत भारत-पाकिस्तान उपांत्य सामना झाला. आमच्या वरच्या मजल्यावर सियालकोटचे एक कुटुंब राहत होते. बायका एकमेकींना मसाले देत, मुले एकाच बसने शाळेत जात. त्या सामन्याआधी दोन्ही घरांनी एक नियम ठरवला. सामना आपापल्या घरी बघायचा. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या घरी मुबारकबाद द्यायला यायचे आणि चहा जिंकणाऱ्याने पाजायचा. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याच्या दारात जायचे नाही. भारत २९ धावांनी जिंकला. ते कुटुंब आले, चहा झाला, आणि सचिनचे झेल किती वेळा सुटले यावर हसणेही झाले.

तीन दिवसांनी, २ एप्रिलला, वानखेडेवर अंतिम सामना होता. भारतात दुपारी अडीच म्हणजे इथे बारा. पहिला डाव संपला तेव्हा असरची वेळ झाली होती. मगरिब भारताच्या डावाच्या मध्यावर आली. टीव्हीचा आवाज बंद करून आम्ही जमात केली. सलाम फेरल्यावर मुलाने सगळ्यांत आधी पडद्याकडे मान वळवली, आणि दुवा अजून व्हायची आहे हे त्याला सांगावे लागले. त्या दिवशी झहीरने पहिल्या पाच षटकांत तीन निर्धाव टाकली आणि फक्त ६ धावा देऊन एक बळी घेतला. आठ वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्या षटकाचा हिशेब असा चुकता झाला. अब्बांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज घोगरा झाला होता. “आपल्या श्रीरामपूरच्या पोराने धीर सोडला नाही,” एवढेच म्हणाले. ते क्रिकेटबद्दल बोलत होते की परदेशात घट्ट पाय रोवून राहिलेल्या आम्हा दोघांबद्दल, हे आम्ही त्यांना विचारले नाही.

सगळे सामने असे गोड नव्हते. २४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत भारत पाकिस्तानकडून १० गडी राखून हरला. ठरल्याप्रमाणे आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. तिथे चहा नीट झाला. घरी आल्यावर मोबाइल उघडला तेव्हा दिसले की भारतात लोक मोहम्मद शमीला शिव्या देत होते. अकरा जण हरले होते, पण एकालाच गद्दार ठरवले जात होते आणि कारण फक्त त्याचे नाव होते. आमची मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. तिने विचारले, “आपण तर भारताचे आहोत ना? मग ते आपल्यावर का चिडले?” ती शमीवर म्हणाली नाही, आपल्यावर म्हणाली.

आम्हाला उत्तर सुचेना. तेवढ्यात गावाहून फोन आला. आम्ही तो मुलीकडे दिला आणि तिचा प्रश्न तिनेच दादाजानना विचारला. अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बेटा, हरल्यावर ज्याला रडू येते ना, ती टीम त्याची असते. तुला रडू आले का?” ती म्हणाली, “आले.” “मग झाले. आता ते तुला कुणी सांगायला नको आणि तूही कुणाला सिद्ध करून दाखवायला नको.” काही दिवसांनी कर्णधार विराट कोहलीने पत्रकारांसमोर शमीची उघड बाजू घेतली आणि धर्मावरून माणसावर हल्ला करणाऱ्यांना खडसावले. मुलीने ती बातमी स्वतः दादाजानना वाचून दाखवली. दोन वर्षांनी शमीने वानखेडेवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ५७ धावांत ७ बळी घेतले, तेव्हा तिने उड्या मारल्या. पण तोवर फोन घेणारे दादाजान राहिले नव्हते.

अब्बांचा इंतकाल २०२२ च्या मे महिन्यात झाला. त्या ऑक्टोबरमध्ये मेलबर्नला भारत-पाकिस्तान सामना झाला. रविवार होता, इथे कामाचा दिवस. आमच्यापैकी एकाने कामावर मोबाइलमध्ये चोरून पाहिला, एकीने घरी. विराटने नाबाद ८२ धावा केल्या आणि शेवटच्या चेंडूवर भारत जिंकला. मग दोन्हीकडे सारखीच शांतता. हात मोबाइलवर होता, पण लावायचा कुणाला?

अर्ध्या तासाने फोन वाजला. अम्मी होती. तिला आयुष्यात षटक आणि डाव यातला फरक कळला नव्हता. सामना लागला की ती स्वयंपाकघरात जाई. ती म्हणाली, “मॅच बघितली ना? तुमचे अब्बा असते तर फोन केला असता, म्हणून मी केला.”

तेव्हापासून अम्मी टीव्हीसमोर बसू लागली. आधी फक्त फोनसाठी. मग पुतण्याने तिला थोडेथोडे समजावले. २०२३ च्या आयपीएलमध्ये भारतातल्या एका ॲपवर मराठी समालोचन होते. केदार जाधव तिथे बोलत होता आणि मोसम चालू असतानाच बंगळुरूच्या संघाने त्याला खेळायला बोलावून घेतले. ते ॲप इथे चालत नसे. मग पुतण्या गावात मोबाइल टीव्हीजवळ धरी आणि आम्ही इकडे स्पीकरवर ऐकत असू. आमच्या मुलांची शाळा इंग्रजी आणि अरबीची. घरात आमच्याशी मराठी बोलतात, पण आपापसांत नाही. त्या दोन महिन्यांत मुलीच्या तोंडी झेल, फटका, यष्टी, सीमारेषा हे शब्द बसले. आम्ही वीस वर्षे घरात शिकवत होतो ते नव्हे, ते तिने स्वतः उचलले.

या सगळ्याचे फळ आम्हाला २९ जून २०२४ ला मिळाले. बार्बाडोसमध्ये भारत-दक्षिण आफ्रिका अंतिम सामना. गावात रात्रीचे अकरा वाजून गेले होते, पाऊस मुसळधार होता आणि शेवटची षटके उरली असताना कोकणातल्या रिवाजाप्रमाणे वीज गेली. अम्मीचा फोन आला : “अगं, लाइट गेली. काय चाललंय?”

मुलीने फोन हातात घेतला आणि आम्हा दोघांकडे न बघता बोलायला सुरुवात केली. “दादी, शेवटचं षटक. सोळा धावा पाहिजेत. हार्दिक टाकतोय. मिलरने उंच फटका मारला, सूर्यकुमार पळतोय, झेल घेतला, नाही, सीमारेषेबाहेर जातोय, चेंडू वर फेकला, बाहेर गेला, परत आत आला, दादी, पकडला! आउट!”

तिकडून अम्मीचा आवाज आला, “थांब, हळू सांग. बाहेर जाऊन परत आत कसा आला?”

मग पुढचा चेंडू पडेपर्यंत आमच्या मुलीने काळोखात बसलेल्या दादीला, कुवेतमधून, मराठीत, ते पुन्हा एकदा नीट समजावून सांगितले.