झाकण

1999 च्या मे महिन्यात, बारावीची परीक्षा देऊन, मी अंबड एमआयडीसीतल्या रंगाच्या एका लहान कारखान्यात सुट्टीपुरता लागलो. काम बरण्या धुण्याचं. पत्र्याच्या खोलीतली लॅब, आणि तिचे सर्वेसर्वा तात्या.

एकदा त्यांनी हाक मारली, "ये, गंमत बघ." बीकरमध्ये दुधासारखं पातळ काहीतरी होतं. त्यात अमोनियाचे थेंब सोडत ते ढवळत राहिले. बघता बघता दूध नितळ झालं आणि इतकं घट्ट, की काचेची कांडी त्यात उभी राहिली. "ॲसिडात झोपतं, अल्कलीत उठतं." एवढंच स्पष्टीकरण. पॉलिमरच्या साखळीवरचे आम्ल-गट अल्कलीत भारित होतात, एकमेकांना ढकलतात आणि साखळी फुलते, हे पुढे कॉलेजात कळलं.

मागच्या फळीवर प्रत्येक बॅचची बरणी, तारखेसकट. झाकणाला तात्या स्वतः मेण लावत. अमोनिया उडाला की पीएच उतरतो, रंग पातळ होतो, तळाला बसतो. एका शनिवारी एक झाकण मी सैल ठेवलं. तात्या ओरडले नाहीत. सुट्टी संपेपर्यंत त्याच बरणीची रोज नोंद ठेवायला लावली. राग आला होता, खरं सांगतो.

गंमत अशी, की त्याच महिन्यात अमेरिकेत डेनिस डिशर, डॅनियल हॅमर आणि सहकाऱ्यांनी पॉलिमरच्या पोकळ पुटिकांवरचा निबंध छापला. ब्लॉक कोपॉलिमरची भिंत सुमारे 8 नॅनोमीटर जाड, लिपिडच्या भिंतीच्या दुप्पट, म्हणून चिवट. मी पुण्यात पीएचडीला आलो तो याच विषयावर. माझ्या पुटिका अमाइन-गटांच्या होत्या: रक्ताच्या 7.4 पीएचला मिटलेल्या, पेशीतल्या आम्लधर्मी कप्प्यात गटांना प्रोटॉन चिकटले की भिंत पाणी ओढून घेणार, उघडणार, औषध सोडणार. पहिल्या दिवशीचा आलेख सुरेख. मी प्रेझेंटेशनमध्ये 'स्थिर' लिहून मोकळा झालो.

तिसऱ्या आठवड्यात निम्म्या पुटिका फुटलेल्या. पॉलिमर तपासला, विद्रावक तपासला, यंत्रालाही दोष दिला. रात्री हॉस्टेलवर ती फळी आठवली. सकाळी पीएच घेतला: 5.7. पाण्यात बफर नव्हता, कुपीचं झाकण सैल. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळत गेला आणि पुटिकांना वाटलं, पेशी आली. त्यांनी आपलं काम चोख बजावलं होतं, चूक माझी. अमोनिया बाहेर जाणं काय, कार्बन डायऑक्साइड आत येणं काय!

प्रबंधाच्या आभारात तात्यांचं नाव घातलं, तर टायपिस्टने विचारलं, हे कुठले प्राध्यापक?

पुढच्या दिवाळीत एक कुपी घेऊन त्यांच्याकडे गेलो. निवृत्त झाले होते, दृष्टी अधू. काय आहे ते सांगितलं, त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग कुपी उजेडाकडे धरली, झाकण आणखी एक आटा पिळलं आणि विचारलं, "किलोला काय भाव पडतो?"