झाकली मूठ

चाकूच्या शौकिनाला पात्याबद्दल विचारलंत तर तो दोन-चार वाक्यांत आटपेल. कार्बनचं पोलाद की स्टेनलेस, धार किती दिवस टिकते, गंज चढतो का, झालं. मुठीबद्दल विचारलंत तर मात्र चहाचं आधण दुसऱ्यांदा ठेवावं लागतं. घडीचा चाकू जन्मभर बहुतेक वेळ मिटलेलाच असतो. पातं मुठीच्या पोटात आणि मूठ खिशात. रोज हाताला लागते ती मूठ, खण उघडल्यावर नजरेला पडते ती मूठ. ती कुठल्या जनावराची, कुठल्या झाडाची की कुठल्या कारखान्यातली, एवढं ओळखता आलं की चाकूचं गाव कळतं आणि पुष्कळदा वयही.

मी जुन्या घाटाचे घडीचे चाकू जमवतो. खटक्याचे नव्हेत. पातं नखाच्या खाचेत नख घालून सावकाश उघडायचं. पाठीतली पोलादी कमान त्याला उघडंही धरते आणि मिटलेलंही. मिटताना ‘टप्’ असा एक भरीव आवाज होतो, तो ऐकायला मी कामाशिवायही चाकू मिटत बसतो. पुण्यात कुणाला हा छंद सांगितला की समोरचा माणूस खुर्ची किंचित मागे सरकवतो. दोष रामपुरीचा. हिंदी सिनेमानं रामपुरी एवढा गाजवला की चाकू म्हटला की लोकांना खलनायकच आठवतो. माझ्याकडचे चाकू पेरूच्या फोडी करतात, सुतळी तोडतात, पाकिटं फोडतात. याहून मोठा गुन्हा त्यांच्या हातून अजून घडलेला नाही.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात ब्रॅडफर्ड नावाचं गाव आहे. तिथल्या केस कंपनीच्या चाकूंवर पात्याच्या मुळाशी एक आकडा ठोकलेला असतो. उदाहरणार्थ 6254. यातला पहिला आकडा मुठीचा, दुसरा पात्यांच्या संख्येचा, उरलेले घाटाचे. 54 म्हणजे ट्रॅपर, जंगलात सापळे लावून जनावरांची कातडी मिळवणाऱ्यांच्या नावाचा लांबोडका चाकू. त्याला दोन पाती. आणि 6 म्हणजे हाड. 5254 असेल तर चाकू तोच, मूठ मात्र सांबरशिंगाची. 3254 असेल तर पिवळ्या प्लास्टिकची. 8 नं सुरू झाला तर शिंपल्याची, चकचकीत, जरा नखरेल. पोलादाची खूण असलीच तर ती शेवटी, एक-दोन अक्षरांत. पहिला मान मुठीचा, हे कंपनीनंच ठरवून टाकलं आहे, आणि मला ते पटतं.

या आकड्यांत 5 ला भाव फार. अमेरिकन शौकीन ज्याला नुसतं ‘स्टॅग’ म्हणतात ते बहुतेक वेळा आपल्याकडचं सांबर असतं. सांबरशिंग हे गाई-म्हशींच्या शिंगासारखं नव्हे. गाईचं शिंग वरून केराटिनचं, म्हणजे आपल्या नखांच्या जातीचं, आणि ते जन्मभर डोक्यावर राहतं. सांबराचं शिंग हे निखळ हाड. ते ठरावीक काळानं गळून पडतं आणि पुन्हा उगवतं. गळलेली शिंगं जंगलात वेचायची, त्यासाठी जनावर मारावं लागत नाही. थंड मुलखातल्या पुष्कळ हरणांची शिंगं आतून सच्छिद्र, भुसभुशीत असतात; पातळ चकती काढायला गेलं तर हाती पाव आल्यासारखं होतं. सांबराचं शिंग मात्र जवळजवळ गाभ्यापर्यंत घट्ट. वरची काळपट, खरबरीत साल तशीच ठेवून त्याच्या पातळ पट्ट्या निघतात आणि खाली पॉलिशला हस्तिदंती रंग येतो. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या चाकू-कारागिरांनी हे हेरलं आणि भारतातली शिंगं जहाजांनी शेफील्डला जायला लागली. तिथून पुढे अमेरिका.

गंमत अशी की हाच पदार्थ आपल्या घरांतही होता, पण मुठीला नव्हता. आजीच्या औषधांच्या डब्यात साबरशिंगाचा एक तुकडा असायचा. कुठे सूज आली की सहाणेवर पाण्यात उगाळायचा आणि कोमट लेप लावायचा. सूज त्यानं उतरायची की आपोआप, हा वाद मी घरात कधी काढला नाही. एका देशात ज्याची साल जपून वर ठेवतात, दुसऱ्या देशात तेच घासून संपवतात.

नव्वदचं दशक संपता संपता भारतानं सांबरशिंगाची निर्यात बंद केली, आणि तिकडे भाव भडकले. जुन्या साठ्यातल्या पट्ट्या पुरवून पुरवून वापरू लागले. माझ्याकडे 5 नं सुरू होणारा एकही चाकू नाही. वन्यजीव कायदा वाचला आहे, आणि परदेशातून शिंगाची मूठ घेऊन कस्टमच्या टेबलापाशी उभं राहण्याइतकी माझी छाती नाही. सह्याद्रीत जे जनावर अजून पाणवठ्यावर येतं त्याच्या शिंगाची मूठ बघायला मला न्यू जर्सीत भाच्याच्या मित्राकडे जावं लागलं. हातात घेतली तेव्हा पहिल्यांदा कळलं की सालीच्या खाचांत बोटं आपोआप बसतात. ओल्या हातातूनही ती सटकणार नाही. तोवर मला वाटायचं, हे सगळं दिखाव्यासाठी असतं.

सांबरशिंग महाग, मग बाकीच्यांनी काय करायचं? त्यांनी गुरांच्या नळीचं हाड घेतलं. हाड गुळगुळीत असतं आणि ते कुणाला जंगलातलं वाटत नाही. म्हणून यंत्रावर त्याला बारीक बारीक टोचे मारले, त्याला जिगिंग म्हणतात, आणि तपकिरी, लाल, हिरव्या रंगात बुडवलं. टोच्याची कड फिकी आणि खळगा गडद दिसू लागला, अगदी शिंगाच्या सालीसारखा. निदान तसा दावा होता. जुन्या यादीपत्रकांत त्याला ‘बोन स्टॅग’ असं उजळ माथ्यानं म्हटलेलं असे. कनेटिकटमधल्या रॉकफॉलच्या रॉजर्स कंपनीचे टोचे इतके ओळखीचे झाले की आजही त्या नमुन्याला ‘रॉजर्स बोन’ म्हणतात, मग टोचे कुणीही मारलेले असोत. जाणकार माणूस टोच्यांची ठेवण पाहून कारखाना सांगतो. केसच्या जुन्या हिरव्या हाडासाठी तर लोक जीव टाकतात. ज्या हाडानं एके काळी दुसऱ्याचा वेश घेतला, त्याचीच आता वंशावळ काढतात.

वंशावळीवरून आठवलं. केस कंपनी सांगते की तिची हाडं ब्राझीलच्या झेबू गुरांची असतात. झेबू म्हणजे वशिंडाची, आपल्याकडची जात. ब्राझीलच्या गुरांत सर्वांत बोलबाला आहे तो नेलोर जातीचा, आणि ते नाव आंध्रातल्या नेल्लोरचं. ओंगोलचे बैल एकोणिसाव्या शतकात तिकडे गेले, त्यांची ही प्रजा. गीर आणि कांक्रेजही गेले. कांक्रेजला तिकडे गुजरातवरून ‘गुझेरा’ म्हणतात. म्हणजे शिंगाची वाट बंद झाली तरी हाडाच्या मुठीतून आपल्याकडचं रक्त, निदान हाड, ब्रॅडफर्डला पोचतंच आहे.

साठच्या दशकात ड्यूपाँट कंपनीचं डेल्रिन नावाचं चिवट प्लास्टिक आलं आणि नकलेची पुढची पिढी सुरू झाली. टोचे मारलेल्या पट्टीचा साचा घ्यायचा आणि प्लास्टिक ओतायचं. आता प्लास्टिक हाडाची नक्कल करत होतं आणि हाड शिंगाची. ओळखायची सोपी रीत अशी: दोन चाकू शेजारी ठेवा, टोचा न् टोचा जुळला तर साचा. हाडाच्या दोन पट्ट्या कधीही तंतोतंत सारख्या नसतात, आणि भिंगाखाली हाडात रक्तवाहिन्यांचे बारीक काळे ठिपके दिसतात. काही जण तापलेली सुई लावून बघतात. डेल्रिन वितळतं, हाड वितळत नाही, आणि गाई-म्हशींच्या शिंगाला केस जळाल्याचा वास येतो. पण सुईचा डाग कायमचा राहतो, म्हणून असे लोक मी घरी बोलावत नाही.

या डेल्रिनला शौकीन वर्षानुवर्षं नाकं मुरडत आले. मग 2004 साली न्यू यॉर्क राज्यातल्या एलनव्हिलचा श्रेड या चाकू कंपनीचा कारखाना अचानक बंद पडला, आणि त्यांचे तपकिरी डेल्रिनचे ‘ओल्ड टायमर’, जे लोकांनी रंगाचे डबे उघडायला वापरले होते, तेच चाकू लोक कपाटांतून शोधू लागले. माझ्याकडे एक आहे. त्याची साल खोटी, टोचे खोटे, रंग खोटा. पण चाळीसेक वर्षं कुणाच्या तरी अंगठ्यानं घासून तो मधोमध गुळगुळीत झाला आहे, ते खरं आहे.

सगळ्यांत बिलंदर नक्कल सेल्युलॉइडची. हस्तिदंताचे बिलियर्डचे चेंडू महाग पडतात म्हणून एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत त्याचा शोध पुढे रेटला गेला आणि मग त्यानं हस्तिदंताचं, कासवाच्या पाठीचं, शिंपल्याचं, हव्या त्या श्रीमंतीचं सोंग घेतलं. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर मिळून ते बनतं. सेल्युलॉइडची जुनी मूठ अंगठ्यानं जोरात चोळून नाकाशी नेली तर थेट देवघर आठवतं. नकली हस्तिदंताला आरतीचा वास! शेफील्डमधले इंग्रज हे ऐकून काय म्हणतील कुणास ठाऊक.

कापराचा वास सुखाचा असला तरी तो तपासासाठी घ्यायचा असतो. सेल्युलॉइड म्हातारं झालं की कुजतं. कापूर उडून जातो, नायट्रोजनची आम्लयुक्त वाफ सुटायला लागते, मुठीवर बारीक चिरा पडतात, आणि ज्या पात्यावर इतकी वर्षं ती बसली त्याच पात्याला ती गंज चढवते. शेजारच्या चाकूलाही. म्हणून सेल्युलॉइडचे चाकू बाकीच्यांपासून लांब, हवा खेळेल अशा जागी ठेवतात. आमच्या घरात ते जिन्याखालच्या फळीवर असतात आणि पाहुण्यांना वाटतं मी त्यांना शिक्षा दिली आहे. जुन्या सिनेमाच्या फिती याच घराण्यातल्या. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींना आग लागली आणि मूकपटांपासूनच्या जुन्या चित्रपटांचा मोठा साठा जळून गेला. एखाद्या चाकूमुळे घर जळणार नाही, पण तो कसला बनलेला आहे हे माहीत असलेलं बरं.

हस्तिदंताबद्दल मला फार बोलायचं नाही. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स या चाकू कंपनीच्या कोठारातले सुळ्यांच्या राशींचे जुने फोटो पाहिले की मुठीची हौस फिटते. नकलेनं जगात एखादं पुण्य केलं असेल तर ते इथे.

फ्रान्सच्या मुठींना नकलेचा सोस नव्हता. लाग्योल गावचा चाकू 1829 च्या सुमाराचा. त्याला ओब्राकच्या पठारावरच्या गाईंचं शिंग लावत. मेंढपाळांच्या या चाकूच्या मुठीवर खिळ्यांचा छोटा क्रूस असतो. चाकू पावात उभा रोवून त्याच्यापुढे प्रार्थना म्हणायची, अशी सांगी आहे. शिंगाची पट्टी दिसायला देखणी, पण हवेची लहरी. पुण्याच्या एप्रिलात ती आक्रसते, तेल न लावल्यास वाकते, आणि कीडही तिला आवडीनं खाते. ओपिनेल त्याहून गरीब आणि त्याहून प्रामाणिक. सावोय प्रांतात जोझेफ ओपिनेलनं 1890 साली तो काढला. बीच लाकडाचा एक दांडा, त्यात चीर, चिरेत पातं. पातं बोटावर मिटू नये म्हणून फिरती कडी आली ती 1955 मध्ये. जुलैत हा चाकू रत्नागिरीला न्या, लाकूड फुगतं आणि पातं निघतच नाही. त्यालाही सावोयकडे तोड आहे: मुठीचं बूड टेबलावर आपटायचं, पातं नख लागेल इतकं बाहेर डोकावतं. आत्याच्या ओसरीवर मी ते आपटलं तेव्हा तिनं आतून विचारलं, “नारळ फोडतोयस का रे?”

त्या आकड्यांतला उरला 3, म्हणजे पिवळा. केसच्या पिवळ्या मुठी म्हणजे शेतकऱ्यांच्या आणि गुरं राखणाऱ्यांच्या खिशातल्या. गवतात पडला तरी लांबून दिसतो, हा त्याचा मोठा गुण. या रंगाचं कुठलं शिंग नाही, कुठलं हाड नाही, कुठलं लाकूड नाही. एवढ्या सगळ्या सोंगांच्या खणात हा एकच असा, जो प्लास्टिक असून प्लास्टिकसारखाच दिसतो. किंमत यादीत जवळजवळ सर्वांत खाली. आणि त्याचं पातं बहुधा कार्बनच्या पोलादाचं, कैरी कापली की निळं-काळं पडणारं.

भाचा अमेरिकेहून निघायच्या आधी दर वेळी फोन करतो. “मामा, या वेळी हाडाचा आणू का? ते लाल, जुन्या टोच्यांचं, चांगलं मिळतंय.” मी म्हणतो, “पिवळा आण, आणि सामानाच्या बॅगेत टाक, हातात ठेवू नकोस.” “पिवळा तर तुझ्याकडे आहे.” आहे की. पण तो तुझी मामी भाजीला नेते, परत देत नाही.