आघात चुकला

इ. स. २०१८ च्या हिवाळ्यांत हॉलंडांतील उट्रेख्ट शहरीं मी मुलीकडे राहिलें होतें. निघण्यापूर्वीं एका पुस्तकावरून डच शब्द पाठ केले होते. शब्द आले म्हणजे भाषा आली, असा माझा भोळा समज होता.

एके दिवशीं दोन वर्षांच्या नातीला सडकून ताप भरला आणि तापांतच तिला झटका आला. मुलगी कामावर गेलेली. शेजारीणबाईंच्या मदतीनें मीं तिला रुग्णालयांत नेलें. झटका ओसरल्यावर डॉक्टर बाहेर आले. हें पुनः होणें टाळतां येईल काय, एवढेंच मला विचारावयाचें होतें. 'टाळणें' याला डच शब्द 'फोरकोमन'; त्यावर भिस्त ठेवून मीं मोडका प्रश्न केला. ते म्हणाले, "होय, पुष्कळदां." माझा जीव भांड्यांत पडला.

सायंकाळीं मुलगी आली. डॉक्टरांशीं बोलून परतली तों तिचा चेहरा उतरलेला. "आई, तूं जोर कोठें दिलास?"

'फोरकोमन' यांत 'को'वर आघात दिला तर अर्थ 'टाळणें'. 'फोर'वर दिला तर 'घडणें'! मीं 'असें घडतें काय?' असें विचारलें होतें. ज्या उत्तरानें मी सुखावलें, तें वस्तुतः भीतीचेंच होतें. ती रात्र आम्ही मायलेकींनीं पाळीपाळीनें उशाशीं बसून काढली.

मग त्या आघाताचा मीं पिच्छाच पुरविला. शेजारीणबाई हंसत शिकवीत. 'रेघंट' असा पहिला स्वर ठासला तर 'पाऊस पडतो'. 'रेघेंट' असा दुसरा ठासला तर 'राज्यकारभार पाहणारा'. 'आपल' म्हणजे सफरचंद; 'आपेल' म्हणजे हजेरी. आघात नसलेला 'ए' पुष्कळदां आपल्या 'अ'सारखा पुसट होतो, तेव्हां कानाला थोडी खूण मिळते. 'फोरकोमन'मध्यें तीहि नाहीं. मात्र 'घडणें' या अर्थीं वाक्यांत 'फोर' क्रियापदापासून सुटून शेवटीं जातो. 'टाळणें' या अर्थीं तो चिकटूनच राहतो. लेखनांत संशय राहूं नये म्हणून डच लोक आघाताच्या स्वरावर तिरकी रेघ देतात. बोलतांना रेघ कोठून आणावी?

आपल्या मराठींत 'दिन' व 'दीन' यांतील भेद ऱ्हस्वदीर्घाचा. जोर कोठेंहि द्या, अर्थ सहसा ढळत नाहीं. परंतु 'इंद्रशत्रु' शब्दाची वैदिक कथा जुन्या पंतोजींकडून ऐकलेली आठवली. इंद्राला मारणारा पुत्र मागतांना स्वर चुकला, आणि इंद्र ज्याला मारील असा वृत्र जन्मला. लहानपणीं ती कथा मला अतिशयोक्तीची वाटे.

पुढील भेटींत मीं 'को'वर चांगला जोर देऊन तोच प्रश्न पुरतेपणीं विचारला. डॉक्टर म्हणाले, "खात्रीनें टाळतां येत नाहीं; परंतु पांचसहा वर्षांच्या वयानंतर असे झटके बहुधा येत नाहींत." या खेपेस आघात बरोबर पडला होता, आणि नको होतें तेंच उत्तर मिळालें. नातीला पुनः झटका आला नाहीं. आतां ती शाळेंत जाते आणि माझे उच्चार सुधारते.