एकच चावी

माझं काम यंत्रांना संरक्षक दारं आणि जाळ्या बसवण्याचं. आधी चिंचवडला प्रेस चालवणाऱ्या कामगारांची बोटं शाबूत राहावीत म्हणून ती आखत होते, आता इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या एका कंपनीत तेच करते. तिथल्या एका सहकाऱ्यानं नवं घर घेतलं आणि आपल्या सापासाठी खोली आखायला मदत मागितली. साप म्हणजे नागराज, किंग कोब्रा. लांबी साडेतीन मीटरच्या आसपास. इथे असा साप घरी ठेवायला १९७६ च्या धोकादायक वन्यप्राणी कायद्याखाली स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. पशुवैद्य जागा तपासतो, विमा उतरवावा लागतो. सहकारी बरीच वर्षं परवानाधारक होता, पण घर बदललं म्हणजे तपासणीही नव्यानं होणार होती.

कामगार सावध राहील असं धरून आम्ही कधीच आखणी करत नाही. तो दमलेला असेल, घाईत असेल, ऐन वेळी फोन वाजेल, असंच धरून चालतो. इथेही मी तेच धरलं. सहकाऱ्याच्या अनुभवावर माझा पूर्ण विश्वास होता, पण आखणी मी केली ती त्याच्या सगळ्यात वाईट दिवसासाठी.

सुरुवात पिंजऱ्यापासून न करता खोलीपासून केली. साप पिंजऱ्यातून निसटलाच तर खोलीतून बाहेर जाता कामा नये. दाराखालची फट बंद केली, खिडकी कायमची सील केली, भिंतीतून जाणाऱ्या पाइपांभोवतीच्या जागा सिमेंटनं भरल्या. खोलीत कपाट नाही, खुर्ची नाही, ज्याखाली साप दडेल असं काहीच नाही. दिव्याचं बटण बाहेर आणि दाराला जाड काचेचं तावदान, म्हणजे आत पाऊल टाकण्याआधी सगळी जमीन नजरेखालून घालता येते. त्या दाराबाहेर आणखी एक दार. दोन्ही एका वेळी उघडायची नाहीत.

पिंजऱ्याला समोरून लॅमिनेटेड काच लावली. ती तडकली तरी मधल्या थरामुळे जागच्या जागी राहते. हवेसाठी जाळी एकामागे एक अशी दुहेरी, मध्ये चार बोटं अंतर, कारण एकेरी जाळीला कुणी बाहेरून हात टेकवला तर आतून दात लागू शकतो. दिवे आणि उष्णतेचे पॅनेल आतल्या जाळीच्या पलीकडे. दिव्यांचा मुद्दा मी लावून धरला. २०२२ च्या ऑक्टोबरात स्टॉकहोमच्या स्कान्सेनमधल्या मत्स्यालयातून एक नागराज दिव्याच्या खोबणीतूनच बाहेर पडला होता. आधीचा दिवा तापायचा, त्यामुळे साप तिकडे फिरकत नसे. कमी विजेचा थंड दिवा बसवला आणि वाट मोकळी झाली. आठवडाभरानं तो आपणहून परत आला. बदल साधा बल्बचा होता, पण पिंजऱ्यातली कुठलीच वस्तू सुटी नसते, हे त्यातून कळतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मधल्या फळीवर. पिंजऱ्याचे दोन भाग केले आणि मध्ये पॉलिकार्बोनेटची सरकती फळी बसवली. साप एका भागात गेला की बाहेरच्या दांड्यानं फळी सरकवायची आणि दुसरा भाग साफ करायचा. मोटर मुद्दाम लावली नाही. हातानं हळू सरकवताना शेपटी मध्ये आली तर हाताला लगेच कळतं, आणि फळी पूर्ण बसल्याशिवाय तिचा खटका पडतच नाही. त्या खटक्याच्या कुलपाला आणि पिंजऱ्याच्या दोन्ही दारांना मिळून एकच चावी. फळी बंद करून कुलूप लावलं तरच चावी निघते, आणि तीच चावी दाराला लागते. दार उघडं असेपर्यंत ती दाराच्या कुलपात अडकून राहते, म्हणजे तेवढ्या वेळात फळी उघडणं शक्यच नाही. कारखान्यात प्रेसला आम्ही असंच कुलूप लावतो. वीज गेली तर काय, असं तपासणीला आलेल्या पशुवैद्यानं पहिल्यांदा विचारलं. या कुलपांना वीज लागतच नाही.

पण साप कुठल्या भागात आहे, ते कुलपाला कळत नाही. ते डोळ्यांनीच पाहावं लागतं. म्हणून सापाच्या लपायच्या खोक्याची एक बाजू काचेला भिडवली. आतून तो लपलेला राहतो आणि बाहेरून डोक्यापासून शेपटीपर्यंत दिसतो. पूर्ण साप दिसल्याशिवाय चावी फिरवायची नाही, आणि घरात दुसरं जाणतं माणूस नसताना दार उघडायचं नाही. पाण्याचं भांडं तर बाहेरूनच नळीनं भरतं. हात आत जाण्याची कारणं जितकी कमी, तितका पिंजरा चांगला.

साप आणण्याआधी रात्री खोलीत अंधार केला, पिंजऱ्यात दिवा लावला आणि बाहेरून चारही बाजू बारकाईनं पाहिल्या. मागे, जिथून वायर आत जाते तिथे, उजेडाची एक बारीक रेघ दिसली. पेन्सिल जाणार नाही एवढीच फट. पण आज पेन्सिल जात नाही ती फट, रोज नाकानं ढकलणाऱ्या सापापुढे वर्षभर तशीच राहील याची खात्री कोण देणार? स्टीलची पट्टी स्क्रूनं बसवली आणि पुन्हा अंधार करून पाहिलं.

दारावर सापाचं नाव, लागणारं प्रतिसर्पविष आणि फोन नंबर असलेली पाटी आहे. भारतात मिळणारं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी असतं, नागराजावर ते चालत नाही. त्याचं वेगळं, थायलंडची रेड क्रॉस बनवते ते लागतं. ते कुठे आहे हे साप घरात येण्याआधीच ठाऊक असायला हवं.

माणसाच्या हलगर्जीपणाची किंमत सापही मोजतो. सुटलेल्या विषारी सापाला जिवंत पकडण्याइतका धीर फार थोड्यांना असतो. १९३९ साली महायुद्ध सुरू झाल्यावर लंडनच्या प्राणिसंग्रहालयानं आपले विषारी साप मारून टाकले, कारण बाँबनं काचा फुटल्या तर ते शहरात सुटतील ही भीती. त्यांत ५.७१ मीटर लांबीचा एक नागराज होता, आजवर मोजलेल्यांत सगळ्यात लांब. त्यानं काही केलं नव्हतं.

हे सगळं लिहिलं ते मुख्यतः आपल्याकडच्या तरुण सर्पमित्रांसाठी. पकडलेला नाग किंवा घोणस प्लास्टिकच्या बरणीत घालून घरी, पलंगाखाली ठेवल्याचं मी गावाकडे स्वतः पाहिलं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते बेकायदा आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी बरणीचं झाकण म्हणजे कुलूप नव्हे, आणि घरात लहान मुलं असतात. साप पकडलात तर वनखात्याला कळवा आणि शक्य तितक्या लवकर सोडा. तोवर तो घट्ट बांधलेल्या कापडी पिशवीत, पिशवी कुलूप लावलेल्या पेटीत आणि पेटीवर सापाचं नाव, एवढं तरी कराच. दाखवण्यासाठी, फोटोसाठी तो एक रात्रही घरात ठेवू नका.