आबांच्या वह्या

रॉकेलचा वास आता घराघरांतून गेलाच आहे, तुमच्याही घरातून गेला असेल. पण आबा आठवायचे म्हटले की मला आधी तोच वास येतो, मग कंदिलाची काच राखेनं पुसतानाची किरकिर, मग दौतीचं झाकण फिरवल्याचा बारीक आवाज, आणि या सगळ्यामागून ओसरीवरच्या घोंगडीवर मांडी घालून बसलेले आबा हळूहळू दिसू लागतात. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी शेजारी ठेवली, की समजायचं, आता ते लिहिणार. घनसावंगी तालुक्यातलं आमचं गाव, माळवदाचं घर, दिवसभर तापलेल्या भिंती रात्री ऊब सोडत असायच्या, गोठ्यातल्या बैलानं मान हलवली की घुंगरं वाजायची, आणि निबेची कागदावरची कुरकुर त्यात मिसळून जायची. त्या कुरकुरीवर आम्ही पोरं झोपी जायचो.

आबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. वर्ष संपलं की जुन्या वह्यांतली कोरी पानं ते काढून घ्यायचे, त्यांची कारभारीण जिजी ती दाभणानं शिवून द्यायची, वर जाड पुठ्ठा लावायची, आणि त्या वहीत रोज एक पान लिहिलं जायचं. निजामाच्या राज्यात त्यांची शाळा उर्दूत झालेली. घरात मराठी आणि पाटीवर उर्दू अशीच ती पिढी वाढली. १७ सप्टेंबर १९४८ला मराठवाडा मुक्त झाला तेव्हा ते मिसरूड फुटण्याच्या वयाचे होते. त्यानंतर कधीतरी ही वह्यांची सवय लागली. आईशी ज्या भाषेत बोलतो ती आपल्या हातानं कागदावर उतरते, याचं त्यांना शेवटपर्यंत अप्रूप होतं. एखादं जोडाक्षर मनासारखं वळलं की ते क्षणभर थांबून त्याच्याकडे बघत राहायचे.

आणि लिहायचे काय? पावसाचं लिहायचे, गाय व्याल्याचं लिहायचे, कुणाच्या घरी कोण पाहुणा आला, मोसंबीला ताण कधी दिला, पहिलं पाणी कधी सोडलं, असं सगळं. १९७२च्या दुष्काळातली पानं मी पुष्कळदा वाचली आहेत. खडी फोडायला गेलेल्या माणसांच्या हाताचे फोड, मिलोच्या लाल भाकरीची तुरट चव, शाळेत सुकडी वाटताना पोरांनी धरलेली ताटं, हे सारं त्यांत आहे, पण एकही ओळ आवाज चढवून लिहिलेली नाही. १ मे १९८१ला जालना जिल्हा झाला, त्या दिवशीच्या पानावर एवढंच आहे: ‘आजपासून आपला जिल्हा जालना. उन्हाळी भुईमूग उपटला. शेंगा बऱ्या भरल्या.’ जिल्हा आणि शेंगा एकाच शाईत, एकाच मापाच्या अक्षरांत. संध्याकाळी आपल्या वावरातून एक चक्कर मारून यावी, तसे ते रात्री त्या दिवसातून एक चक्कर मारून यायचे.

एकदा एका पाहुण्यानं वही चाळली आणि म्हणाला, ‘मास्तर, हे छापायला द्या की कुठंतरी, नाव होईल.’ आबा हसले, वही त्याच्या हातातून अलगद घेतली आणि पेटीत ठेवली. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आमच्याच तालुक्यातलं. १६०८च्या रामनवमीला जन्मलेल्या त्या थोर माणसाच्या गावी आम्ही लहानपणी आबांच्या सायकलच्या दांडीवर बसून जायचो. रोज काहीतरी लिहीत जावं, हा समर्थांच्या नावानं चालत आलेला उपदेश आबा शाळेत पोरांना न चुकता सांगायचे. पाहुणा गेल्यावर मला म्हणाले, ‘रोज लिहावं एवढंच सांगितलंय बाबा. ते कुणी वाचावं, असं कुठं म्हटलंय?’ त्या पेटीला कडुलिंबाच्या वाळल्या पाल्याचा कडवट वास यायचा, जुन्या कागदाचा गोडसर यायचा, आणि झाकण लावलं तरी हाताला तो बराच वेळ राहायचा.

आबा रात्रीचे, तर जिजी पहाटेची. कोंबडा आरवायच्या आधी माजघरातून जात्याची घरघर सुरू व्हायची; जिजी एका हातानं खुंटा फिरवायची, दुसऱ्या हातानं मूठ मूठ ज्वारी जात्याच्या तोंडात सोडायची, आणि त्या घरघरीच्या वर तिची ओवी उठायची. भावाची, माहेराची, पंढरीच्या विठोबाची, वनात एकटी राहिलेल्या सीतेची. ताज्या पिठाला एक कोमट वास असतो, किंचित खरपूस. तो वास आणि ती ओवी अंथरुणातल्या माझ्यापर्यंत बरोबरच यायची. तिच्या भुवयांवर पीठ बसलेलं असायचं. समोर कुणी नसायचं. कुणी दाद द्यावी म्हणून ती गात नव्हती, आणि ऐकायला कुणी नाही म्हणून तिचा सूर कधी उतरलाही नाही. पुढे गावात पिठाची गिरणी आली, बायांच्या खांद्यांना सुख झालं, ते व्हायलाच हवं होतं. जातं कोपऱ्यात सरलं आणि ओवीही थांबली, कारण हातात खुंटा असल्याशिवाय ती जिजीला सुचतच नव्हती.

आबांच्या एका पानावर लिहिलंय: ‘पहाटे हिने नवीन ओवी म्हटली. फार गोड होती.’ ओवी मात्र लिहिलेली नाही. ती रोजच पहाटे येणार, मग लिहायची कशाला, असं त्यांना वाटलं असेल. त्या पानावर मी कितीदा बोट फिरवलंय. पान आहे, तारीख आहे, गोडी आहे, शब्द गेले.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना वाटतं, एवढी मोठी रचना करणाऱ्या या साऱ्याजणींना आपण काही रचतोय याचीसुद्धा फिकीर नव्हती. आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला जळगाव. तिथल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि इतर जवळच्यांनी त्यांच्या ओठांवरचं कागदावर उतरवलं. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. ते वाचून महाराष्ट्र हलला, पण ते बघायला त्या नव्हत्या. त्यांचं गाणं त्याआधीच पुरतं झालेलं होतं. जिजीचंही झालेलं होतं; फक्त आमच्या घरी कुणी सोपानदेव नव्हता.

जिजी आधी गेली. आबांच्या नंतरच्या वह्या दोऱ्यानं शिवलेल्या नाहीत, दुकानातल्या आहेत. २०१२-१३च्या दुष्काळात टँकरचं पाणी घालघालून जगवलेली मोसंबी शेवटी वाळली, तेव्हाची त्यांची अक्षरं कापरी आहेत आणि ओळी उताराला लागलेल्या. बहर धरला की साऱ्या शिवारावर पसरायचा तो पांढऱ्या फुलांचा घमघमाट, रात्री अंगणात बाज टाकून घेतलेला, मधमाश्यांच्या गुणगुणीनं दिवसभर भरलेला. तो त्या साली आलाच नाही. त्यांनी लिहिलं, ‘आज झाडं तोडली. लाकूड पिवळं निघालं.’ रडले असतील तर ते वहीबाहेर. नंतरच्या उन्हाळ्यात आबाही गेले.

त्या वह्या कुणी छापणार नाही, आणि मीही छापायला देणार नाही. कुणाच्या नजरेसाठी न लिहिलेल्या ओळींत माणूस जसा सैल, मोकळा बसलेला असतो, तसा तो मला दुसऱ्या कुठल्याच लिखाणात भेटलेला नाही. टोपी काढून ठेवलेला माणूस.

तुम्हालाही कधी वाटत असेल, आपलं साधं जगणं कोण वाचणार. कुणी नाही वाचलं तरी चालेल, लिहा. पावसाचं लिहा, भाकरीचं लिहा, वर तारीख घाला. आणि घरात कामाच्या तंद्रीत कुणी काही गुणगुणत असेल, तर गोड होतं एवढंच लिहून थांबू नका. तिचे शब्दही लिहून ठेवा.